वाकळ

रेल्वे लाइन्समधल्या आमच्या दाराला पितळी पाटी होती,
दर रविवारी चर्चच्या आधी घासलेली:
डब्ल्यू. वॉकर.
वडील म्हणत, आपण मूळचे यॉर्कशायरचे,
आणि कडक भाकरी मोडून
शेंगाचटणीवर तेलाची धार धरत.

शाळेत पोरं म्हणायची, वॉकर, चालून दाखव की बे.
मी दाखवायचो. पटांगणाच्या टोकापर्यंत.

पुढं वाचनालयातल्या एका जाड कोशात कळलं,
नावाचा आणि फिरायला जाण्याचा संबंध नाही.
तिकडं मागावरनं उतरलेलं लोकरीचं कापड
कुंडात घालत, शिळ्या मुताच्या पाण्यात,
आणि माणसं ते दिवसभर पायानं तुडवत
वीण मिटेपर्यंत.
तुडवणारा, तो वॉकर.
वडिलांना सांगितलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.
कुणाच्याही मुतात उतरायची त्यांची तयारी नव्हती,
साहेबाच्या तर नाहीच.

रेशनकार्डावर कारकुनानं लिहिलं:
वाकळे, ऑस्कर विल्फ्रेड.
दुरुस्तीचा अर्ज दिला. वाकर झालं.
पुन्हा दिला. वाकळे परत आलं.
मग साखर मिळतेय ना, म्हणून सोडून दिलं.

यंदा पर्थहून पुतणीचं पार्सल आलं, डॅफ्नीचं.
आत एक नळी. अंकल, यात थुंका,
तुम्ही आपल्यातले शेवटचे पुरुष वॉकर.
अर्धा तास तंबाखू बंद ठेवली.
भर सोलापुरात, आयुष्यात पहिल्यांदा,
थुंकायला मला इतका वेळ लागला.

उत्तर आलं:
इंग्लंड अकरा टक्के.
तेही आजीकडून, वाडी जंक्शनच्या गार्डाच्या घरातून.
बापाकडून बापाकडं जाते ती रेघ,
जिच्यावर पाटी ठोकलेली,
ती समुद्राकडं वळतच नाही.
ती बोरामणीवरनं नळदुर्ग, उमरगा करत
तेलंगणात उतरते
आणि तिथं कुठंतरी पुसट होते.

मिशनच्या वहीत आजोबा सापडले.
मुलगा, वय अंदाजे चार,
दुष्काळी कामावर खडीच्या ढिगाशी मिळाला.
तेलुगू बोलतो. नाव सांगत नाही.
पुढच्या रकान्यात, दुसऱ्या शाईनं, वॉकर.
खडी मोजणाऱ्या कुणा साहेबाचं असेल,
नसेलही.
रकाना मोकळा राहू नये एवढंच त्या हाताला कळत होतं.

सगळ्यात जवळचा जुळणारा माणूस निघाला
माझ्या घरापासून रिक्षानं चाळीस रुपयांवर:
मेरगू नरसय्या, भद्रावती पेठ.
त्याच्या पोरानं गंमत म्हणून थुंकलं होतं.
घरात चार माग, टॉवेलचे. बोलणं ऐकू येईना.
म्हातारा म्हणाला, कूर्चो. मी उभाच.
मग त्यानं हातानंच खाट दाखवली.
चहा पिताना मी त्याचे पाय पाहत होतो,
तो माझे.
काहीच जुळत नव्हतं.
त्याची बोटं फाकलेली, माझी बुटात वाढलेली.
निघताना त्यानं एक टॉवेल दिला, कडेला चूक असलेला,
आणि पैसे घेतले नाहीत.

आता घर आवरतोय.
ट्रंकेच्या तळाशी आईची वाकळ निघाली.
वडिलांच्या निळ्या युनिफॉर्मचा एक चौकोन,
कुणाच्या तरी इरकलीचा काठ,
बाकीच्या चिंध्या कुणाच्या, विचारायला माणूस नाही.
वास मारत होती.
मागच्या नळाखाली टाकलं पाणी, सोड्याची पूड,
पँट गुडघ्यावर घेतली, भिंत धरली, आणि उतरलो.
आई अशीच तुडवायची, मला आधाराला धरून.
डावा, उजवा. काळं पाणी बोटांमधनं वर येतं.
सत्तर वर्षांचं आहे, सहजी सुटत नाही.

फोन वाजतो. डॅफ्नी.
अंकल, वंशावळीत आजोबांच्या वर काय लिहू?
थांब, म्हटलं,
पाय ओले आहेत.